भावजींचा सेट टॉप बॉक्स

१

"हंसे, ते गेले गं," पुष्पाताई फोनवर म्हणाली आणि हुंदके देऊ लागली.

रविवारची सकाळ होती. मी बोईसरजवळच्या पाम गावी माझ्या घराच्या ओट्यावर चहा घेत बसले होते. समोर अंगणात माझा भाडेकरू गळका नळ उतरवत होता. कंपनी बंद असल्याने त्याला सुट्टी होती, आणि सुट्टी असली की हा माणूस माझ्या घरातली प्रत्येक गळती शोधून काढतो.

"कोण गेले?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? तुझे भावजी!"

मी कप खाली ठेवला. माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान नरहरी राऊत, तीन वर्षांपूर्वीच गेले. त्यांच्या तेराव्याच्या पंगतीत मी स्वतः वाढलं होतं. ताईचं डोकं तर फिरलं नाही ना, अशी शंका मनात आली.

"ताई, पाणी पी आणि नीट सांग."

"माज्या खोलीतला टीवीखालचा डबा कोणीतरी नेला. ते त्यातच होते ना!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भावजी एकदा टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात झळकले होते. त्यांच्या केळव्याच्या वाडीतली पानवेल बघायला कॅमेरावाले आले होते. ती मुलाखत ताईच्या खोलीतल्या रेकॉर्डिंगच्या सेट टॉप बॉक्समध्ये साठवलेली होती. भावजींचे फोटो ढीगभर आहेत, पण त्यांचा आवाज तेवढा एकाच ठिकाणी होता. ताई रोज तो लावून ऐकायची.

"निघालेच मी," म्हटलं.

माझी नोकरी बोईसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण ऐकायची नाहीत, असं ते काम. त्यातलं पहिलं मी चोख केलं, दुसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. तेव्हापासून आमच्या नात्यात कुठे काही हरवलं की मला बोलावणं येतं. भाडेकरूने पाइपाच्या उघड्या तोंडाला पांढरी टेप गुंडाळून ते बंद केलं, हात पुसले आणि मला मोटारसायकलवरून रिक्षा स्टँडवर सोडलं.

केळव्याला पोचले तर घराच्या पायरीवर नवसी बसलेली. ही ताईची घरकाम करणारी बाई, डोंगराकडच्या पाड्यावरची. तिचा डबा, छत्री, पिशवी सगळं शेजारी गुंडाळून ठेवलेलं.

"काय गं, अशी का बसलीस?"

"वैनी म्हनली, उद्यापासून येव नको," ती म्हणाली. वैनी म्हणजे ताईची सून. "डबा मी चोरला म्हनं."

२

आत गेल्यावर ताईने मला थेट तिच्या खोलीत नेलं. पुष्पाताई चौसष्टीची. वाडीतल्या सुपाऱ्या अजून स्वतः सोलते, कोणाला हात लावू देत नाही. पण आज ती खोलीच्या दारातच थांबली, आत यायला तयार होईना.

टीव्ही जागेवर होता. त्याच्याखालच्या फळीवर धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. तिथे बॉक्स असायचा. रिमोट मात्र ताईच्या उशाशी तसाच पडलेला.

"रिमोट ठेवून डबा नेणारा चोर मी पहिल्यांदा बघतेय," मी म्हटलं. "आणि टीव्ही सोडून डबा? चोराला टीव्ही दिसतो. डबा घरच्यांना दिसतो."

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिला ते आवडलं नाही, पण कळलं.

मी टीव्हीच्या मागे डोकावले. डिशकडून येणारी काळी वायर भिंतीवरून खाली लोंबत होती. ओढून उपटलेली नव्हती, नीट फिरवून सोडवलेली होती. तिच्या टोकाला पांढरी टेप घट्ट गुंडाळलेली होती. मला वाटलं, ही डिशवाल्याची कामं.

"कधी पाहिलास तू डबा शेवटचा?"

"काल संध्याकाळी. शेजारच्या माहीमला हळदीला जायचा होता. साडी नेसायच्या आधी एकदा ह्यांना लावलं, ऐकलं, बंद केलं नि शेजारणींबरोबर गेले. रात्री दमून आले ती तशीच आडवी झाले. दिवापन लावला नाय. सकाळी नवसी झाडायला आली, ती म्हनली, काकी, डबा नाय."

"नवसी काल कधी गेली होती?"

"दुपारची भांडी झाली नि गेली. हळदीला निघाले तेव्हा ती घरात नव्हती."

म्हणजे नवसीने नेला असेल तर आज सकाळी नेला, आणि मग स्वतःच ओरडून सांगितलं. माझ्या मनाला ते पटेना. पण मनाला न पटणं हा काही पुरावा नव्हे, हे एक्स्चेंजमध्ये शिकलेली मी बाई.

"तो कार्यक्रम रेकॉर्ड कोणी केला होता गं?"

ताई इतक्या वेळात पहिल्यांदा हसली. "त्यांनीच की! कॅमेरेवाले म्हनले, कधी दाखवू ते सांगता येत नाय. मंग ह्यांनी आठाचा तो शेतीचा कार्यक्रम रोजच्या रोज रेकॉर्ड होईल असा लावून ठेवला. आपला चेहरा चुकायला नको! दिसले त्या दिवशी सगळ्या आळीला बोलावला."

"आणि आता हा डबा कोणाला नको होता?"

ताईचं हसू गेलं. "सगळ्यांनाच नको होता," ती म्हणाली.

३

भांडण शुक्रवारचं होतं. हितेश, ताईचा मुलगा, तारापूरच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कंपनीत सुपरवायझर आहे. त्याची बायको चारुता घरच्या घरी होम-स्टे चालवते. माडीवर तीन खोल्या, शनिवार-रविवार मुंबईची माणसं. ही माणसं समुद्र बघायला येतात आणि खोलीत टीव्ही नाही म्हणून तोंड वाकडं करतात. तेव्हा तिन्ही खोल्यांत टीव्ही घ्यायचे ठरले, आणि प्रश्न आला की बॉक्स कोणते घ्यायचे.

हितेशचं म्हणणं, दुसऱ्या कंपनीकडे जाऊ. एक मुख्य बॉक्स, त्याला जोडून चार, सगळ्या घरात एकसारखे, जुनं सगळं बंद. चारुताचं म्हणणं, पाहुण्यांना साधे चालतील, हॉलमध्ये मात्र चांगला हवा. बोईसरचा दर्पण नावाचा डिशवाला मध्ये बसून समजावत होता, आणि त्यानेच नको ते सांगून टाकलं. रेकॉर्डिंग फक्त त्याच बॉक्सवर आणि जुनं कनेक्शन चालू असेपर्यंतच दिसतं. नव्या बॉक्समध्ये ते जात नाही.

यावर ताई म्हणाली, "माजा डबा हलनार नाय." हितेश म्हणाला, "आई, एका डब्यासाठी दोन कंपन्या ठेवायच्या?" ताई ताटावरून उठली. शुक्रवार असा संपला.

हे सगळं मला चारुताने सांगितलं. ती स्वयंपाकघरात पाहुण्यांचे घावणे काढत होती. मुलगी मेहनती आहे, पण बोलायला लागली की तव्यावरचं करपेपर्यंत थांबत नाही.

"मावशी, मला आईंचं वाईट वाटतं हो. पण सकाळी खोलीत नवसीच गेली होती. दुसरं कोण?"

"काल संध्याकाळी घरात कोण होतं?"

"मी आणि पाहुणे. दर्पण आला होता गच्चीवर वायरी मोजायला. त्याची बॅग चांगली फुगलेली होती, आता आठवतं." तिने घावण उलटलं. "हितेश सेकंड शिफ्टला. दुपारी गेले ते रात्री आले."

"आणि तू?"

"मी पाहुण्यांना जेवण लावून त्यांच्यासोबतच हॉलमध्ये मालिका बघितली. त्यात काल साखरपुडा होता ना! एकदाची पूर्ण बघायला मिळाली."

"एकदाची म्हणजे?"

चारुताने ताईच्या खोलीकडे मान उडवली. "एरवी आठाला आमचा टीव्ही जातो. 'सिग्नल नाही' लिहून येतं. हॉलची आणि आईंची वायर एकच आहे. आई नेमक्या तेव्हाच त्यांचा लावतात. काल त्या हळदीला होत्या, म्हणून कसा छान चालला!"

सासूचा टीव्ही लागला की सुनेचा बंद पडतो, यात कोणाला नवल वाटेल? मलाही वाटलं नाही. मी घावण खाल्लं आणि हितेशला शोधायला मागच्या पडवीत गेले.

तो पाहुण्यांसाठी शहाळी सोलत होता. माझ्या पाया पडला, पण डोळे शहाळ्यावरच.

"काय रे, आईची ही काय अवस्था!"

"जुना डबा होता, मावशी. आज ना उद्या बिघडलाच असता." कोयत्याचा घाव चुकला. "आणि नवसीला उगाच बोलतेय चारू. नवसीने नाही नेला."

"कशावरून?"

"तिने नाही नेला, एवढं नक्की," तो म्हणाला, आणि शहाळी उचलून आत निघून गेला.

४

मी पायरीवर नवसीच्या शेजारी जाऊन बसले. तिने थोडं सरकून मला जागा दिली.

"बाय, तू पोलिसात देशील?"

"मी कोणाला कशात देत नाही. मला एवढंच सांग, तू काल डबा पाहिलास?"

"भांडी घासून निघाली तवा व्हता. आज नव्हता. मी चोरीन तर मीच कशाला सांगीन? माझ्या घरी लाइट जातं-येतं, टीवीच नाय. डब्याचं काय करू, भात शिजवू?"

मला हसू आलं, पण तिला आलं नव्हतं, म्हणून मी आवरलं.

"काकीच्या खोलीत भांडण होतं का कोणाचं?"

"भांडण नाय. काकी आपली दुपारची जेवनाच्या टायमाला बाबाला लावून बसते. मी भांडी घासता घासता ऐकतं. चांगला बोलतं बाबा. पान कसं खुडायचं ते सांगतं." ती थांबली. "वैनी भांडते, पन ती टीवीशी भांडते. आठ वाजलं का, गेला गेला म्हनून वरडते."

"तुला काय माहीत? तू तर दुपारी घरी जातेस."

"काकी लेकीकडं, मेघालीताईकडं, गेलेली ना पालघरला, तिला बरं नव्हतं तवा? तवा मी रातची हितंच व्हती. पाव्हणे व्हते. रोज रातची वैनी वरडायची."

मी तिच्याकडे वळले. "थांब. काकी घरात नव्हती?"

"नाय ना. पालघरला व्हती."

"तिची खोली?"

"बंद. कुलूप."

"आणि तरी आठाला हॉलचा टीव्ही जायचा?"

"रोज," नवसी म्हणाली. "मंग?"

मंग काय! चारुता इतकी वर्षं सासूवर डाफरत होती, आणि सासूचा त्यात हातच नव्हता. ताई घरात नसतानाही टीव्ही जात होता. मग काल ताई घरात नव्हती म्हणून तो चालला, हे कसं खरं असेल? काल दुसरंच काही तरी घरात नव्हतं.

५

दर्पण जेवणाच्या सुमाराला उगवला. गोरा, गोल, गळ्यात दोन मोबाइल. कोणते बॉक्स ठरले ते विचारायला आला होता बिचारा, आणि चारुताने त्याच्या बॅगेकडे असं पाहिलं की तो दारातच थबकला.

"उघड बॅग," मी म्हटलं.

"मावशी, सँपल आहेत." त्याने बॅग जमिनीवर ओतली. तीन-चार नवे चकचकीत बॉक्स, काळ्या टेपची रिळं, पक्कड. "पुराना डब्बा घेऊन मी काय करणार? कंपनी पण परत घेत नाही."

"मला एक समजावून सांग. ताईचा बॉक्स बंद असताना हॉलचा टीव्ही कसा जातो?"

दर्पणचा चेहरा खुलला. एवढ्या आस्थेने त्याला कोणी काही विचारत नसावं. "हेच तर मी काल गच्चीवर बघितलं! डिशपासून खाली वायर एकच. तिला मध्ये फाटा मारून दोन केलंय. कोणी केलं देव जाणे. मावशी, तुमच्या वाडीत एका पंपावर दोन पाट असतात ना? पाणी इकडे वळवलं की तिकडे सुकं. तसं. काही चॅनल एका बाजूचे, काही दुसऱ्या. शेतीवाला चॅनल इकडचा, मालिकेवाला तिकडचा. एका डब्याने इकडचं मागितलं की दुसऱ्याला तिकडचं मिळत नाही."

"पण ताईचा बॉक्स बंद असतो."

"रेकॉर्डिंगवाला डब्बा बंद दिखता है, सोता नहीं," दर्पण म्हणाला. "त्याला रोजचं काम लावून दिलं असेल तर तो स्वतः उठतो, आपला चॅनल पकडतो, रेकॉर्ड करतो, परत पडतो. जागा भरली की जुनं पुसतो, नवं घेतो. जे लॉक केलं ते फक्त ठेवतो."

तर भावजी गेल्यावरही त्यांचा हुकूम चालूच होता. आपण टीव्हीवर कधी येऊ ते कळावं म्हणून त्यांनी लावलेलं रेकॉर्डिंग कोणी बंद केलंच नव्हतं. रोज आठाला बॉक्स जागा व्हायचा, आणि सून सासूवर करवादायची.

"म्हणजे काल आठाला हॉलचा टीव्ही चालला, कारण..."

"कारण डब्बा वायरवर नव्हता," दर्पणने वाक्य पुरं केलं आणि स्वतःच चपापला.

चारुताच्या हातातली पळी तशीच राहिली. आता तिलाही कळलं होतं. बॉक्स आज सकाळी गेलाच नव्हता. तो काल संध्याकाळीच गेला होता, ताई हळदीला निघाल्यावर आणि मालिका लागायच्या आधी. त्या वेळी नवसी तिच्या पाड्यावर भाकऱ्या थापत होती.

"जा," मी चारुताला म्हटलं. "पायरीवर जा आणि तिला आत घेऊन ये."

चारुता गेली. दर्पण हळूच म्हणाला, "पण मावशी, मग राहिलो मी आणि वहिनी."

"वायरीच्या उघड्या टोकाला तू टेप लावतोस?"

"उघड्या टोकाला? कशाला? आणि माझी टेप काळी."

मी त्याला ताईच्या खोलीत नेऊन ते टोक दाखवलं. त्याने बोटाने चाचपलं. "ही तर नळवाल्यांची, पाण्याच्या पाइपाची टेप. हे आमच्या लाइनमधल्या माणसाचं काम नाही."

माझ्या डोळ्यांपुढे सकाळचं अंगण आलं. मी फोन काढला आणि भाडेकरूला लावला.

६

"मौसी, नल हो गया," तो म्हणाला.

"ते राहू दे. सकाळी पाइपाला टेप का लावलीस? नळ तर लगेच बसवणार होतास."

"आदत है, मौसी. कंपनी में पहले दिन से सिखाते हैं, लाइन खोली तो मुँह खुला नहीं छोड़ने का. कब कौन वॉल्व खोल दे. अब तो घर में भी हाथ अपने आप चलता है."

"तुझी कंपनी म्हणजे आमच्या हितेशचीच ना?"

"हाँ, हितेश साहब का ही प्लांट."

"आणि ती बंद कधीपासून आहे?"

"कल सुबह से. शटडाउन है. फर्स्ट शिफ्ट वालों को भी लौटा दिया."

मी त्याचे आभार मानले. फोन ठेवताना मला आनंद झाला नाही. रहस्य उलगडलं की आनंद होतो म्हणतात, पण ज्याला न्हाऊमाखू घातलं त्याचंच नाव निघालं की कसला आनंद!

हितेश वाडीत होता. घरामागे नारळ, पुढे सुपारी, आणि त्याच्याही पुढे जिथे भावजींची पानवेल होती तिथे आता रिकामे वाफे. पंपाच्या खोलीच्या कट्ट्यावर तो बसला होता. मी शेजारी टेकले.

"काल कुठे होतास?"

"शिफ्टला."

"प्लांट बंद आहे, हितेश."

एक झावळी सुटून वाफ्यात पडली, तो तिकडे बघत राहिला.

"वायरीच्या तोंडाला टेप तू लावलीस," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणी लावली नसती. चोरी करायला गेलास आणि काम मात्र कंपनीच्या शिस्तीत केलंस."

तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळाने उठला, पंपाच्या खोलीचं दार उघडलं आणि आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला बॉक्स आणून माझ्या मांडीवर ठेवला. दमट हवेने खराब होऊ नये म्हणून आत तांदळाची पुरचुंडीसुद्धा ठेवली होती.

"फोडणार होतो. नाही फोडवला. दुपारच्या शिफ्टला जातो सांगून निघालो, आणि जाऊन सरूच्या बनात बसलो. संध्याकाळी आई गेल्यावर मागून आलो."

"का पण?"

"तू कधी आमच्याकडे दुपारी जेवायला बसली नाहीस, मावशी," तो म्हणाला. "मी फर्स्ट शिफ्टवरून येतो, पानावर बसतो, आणि भिंतीपलीकडून बाबा बोलायला लागतात. तो कार्यक्रमवाला विचारतो, पुढे ही वाडी कोण बघणार? बाबा म्हणतात, माजा हितेश हाय ना. रोज. मी एवढं ऐकलं की उठतो, बेसिनचा नळ सोडतो. पानवेल माझ्या हातून गेली. एका पावसात गेली, मला कळलंसुद्धा नाही काय करायचं ते. आता इथे पाहुण्यांच्या गाड्या लावायचं चाललंय. आणि आई रोज, रोज मोठ्याने लावते. मला ऐकवायलाच लावते."

"तिला म्हणालास कधी?"

"काय म्हणू? बाबांना गप्प कर म्हणू?" तो म्हणाला. "नवी कंपनी घेतली असती तर ते आपोआप बंद झालं असतं. कोणाच्या हातून काही झालं नसतं. आई नाही म्हणाली."

मला त्याची दयाही आली आणि रागही आला. राग मी आधी काढला. "आणि सकाळपासून ती बाई पायरीवर बसली, ती दिसत नव्हती तुला? 'नवसीने नाही नेला' एवढं पुटपुटून मोकळा झालास? कोणी नेला ते सांगायला तोंड नव्हतं?"

"नव्हतं," तो म्हणाला.

"आता आहे. ऊठ."

७

पाहुणे जेवून निघून गेले होते. घरात आम्हीच. ताई खाटेवर, चारुता दाराला टेकून, नवसी खिडकीखाली. हितेशने बॉक्स ताईच्या पायाशी ठेवला आणि आधी नवसीकडे वळला.

"डबा मी नेला होता. तुझ्यावर आळ आला तरी मी गप्प बसलो. माझं चुकलं."

नवसीने त्याला निरखून पाहिलं. "तुमचं चुकलं, वैनीचं बी चुकलं," ती म्हणाली. चारुताने मान खाली घालून तिची पिशवी पायरीवरून उचलून आत आणून ठेवली. त्यापेक्षा जास्त काही तिला जमलं नाही. नवसीने तेवढं चालवून घेतलं.

मग हितेशने आईला सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, बेसिनच्या नळासकट. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

ताई बराच वेळ बॉक्सवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं आता कडाडेल. पण ती एवढंच म्हणाली, "तुला ऐकायला जावं म्हनूनच मी आवाज वाढवत होते."

"ते कळलंच होतं मला, आई."

"काय कळला तुला? तू कंपनीत गेलास ते बाबांना आवडला नाय, असा तुज्या मनात हाय, ते मला ठाव होता. मी सांगून तू ऐकला नसतास. म्हटलं, त्यांच्याच तोंडून ऐकू दे. तुजा केवढा भरवसा होता त्यांना!" ती रडायला लागली. "मी तुजं मन राखायला लावत होते रे, नि तू जेवनावरून उठत होतास!"

दर्पण हॉलमध्ये बसून होता, त्याला मी हाक मारली. त्याने टेप सोडवली, वायर फिरवून घट्ट केली, बॉक्स चालू केला. "मग ठरलं काय?" त्याने हळूच मला विचारलं.

उत्तर चारुताने दिलं. "हॉलला आणि वरच्या तिन्ही खोल्यांना साधे चार, याच कंपनीचे. आईंचा डबा आहे तिथे राहील. आणि प्रत्येकाची वायर वेगळी."

"आता कसं!" दर्पण म्हणाला, आणि शहाणपणाने बाहेर जाऊन बसला.

ताईने रिमोटवर बोट दाबलं. पडद्यावर भावजी आले. डोक्याला टोपी, मागे हिरवीगार पानवेल, ऊन डोळ्यांवर आल्याने एक डोळा बारीक. पान कुठून खुडायचं, वेल कशी वळवायची, ते सांगत होते. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

मग कार्यक्रमवाल्याने विचारलं, "काका, पुढे ही वाडी कोण बघणार?"

"माजा हितेश हाय ना," भावजी म्हणाले.

हितेशचा हात खाटेच्या कडेवर आवळला. तो उठेल असं मला वाटलं. पण या खोलीत नळ नव्हता, आणि आईने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

पडद्यावर भावजी वेलीचं एक पान बोटांत धरून बोलतच होते. "ह्यो वेल तो ठेवील न ठेवील. नाय ठेवला तरी चालंल. आमच्या बापाचा इथं ऊस होता, मी पान लावला. तो जे लावील ते त्याचं. कंपनीतून दमून येतो बिचारा. पन हात चांगला हाय त्याचा. जे लावील ते उगवंल." मग ते खोकले, हसले, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर कुठल्या तरी खताची जाहिरात लागली.

ताईने टीव्ही बंद केला. हितेश जमिनीवर आईच्या पायाशी बसला होता.

"पुढे हे आहे," तो म्हणाला, "हे तू मला कधी सांगितलं का नाहीस, आई?"

"मला वाटला," ताई म्हणाली, "तू रोज ऐकतोस."